फुकट औषध कोणी दिलं?

पुण्यात मिशनऱ्यांच्या दवाखान्यांचा विषय निघाला की सभेचे दोन तट पडायला फार वेळ लागत नाही. एक तट म्हणतो, ज्या बायकांना घरातलेही शिवत नव्हते त्यांना या परक्या बायकांनी हात लावला, वाचवलं. दुसरा म्हणतो, औषधाच्या बाटलीआडून धर्म विकला. पुरावे दोघांकडेही असतात. भांडण मात्र एकाच गोष्टीवर चालतं: मिशनऱ्यांच्या पोटात काय होतं? मला हा प्रश्न सोयीचा वाटतो. दुसऱ्याच्या पोटात शिरून बसलं की आपल्या माजघरात काय चाललं होतं ते बघावं लागत नाही.

हेतूचं आधी उरकून टाकतो. वैद्यकीय मिशन ही धर्मप्रसाराचीच शाखा होती आणि हे कोणी कधी लपवलेलं नाही. अमेरिकेतल्या, स्कॉटलंडमधल्या चर्चमधून बायकांनी वर्गणी दिली ती इकडच्या बायकांचा ताप उतरावा म्हणून, आणि तितकीच त्यांचा आत्मा तरावा म्हणून. वॉर्डात सकाळची प्रार्थना, खाटेशेजारी बसून शास्त्र वाचून दाखवणारी बायबल-बाई, व्हरांड्यात ताटकळणाऱ्या बायकांपुढे येशूच्या गोष्टी, हा त्या दवाखान्यांचा रोजचा परिपाठ होता. उठून जाता येत नाही अशा माणसाला प्रवचन ऐकवणं मला गैर वाटतं. असं वाटणारा मी काही पहिला नाही. 1932 साली खुद्द अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट मंडळींनी हॉकिंग या तत्त्वज्ञाच्या अध्यक्षतेखाली आपल्याच मिशनांची झडती घेतली, तेव्हा सेवेचं काम धर्मप्रचाराच्या जोखडातून मोकळं करा, असंच सांगितलं. गांधीजींचा आक्षेपही त्याच सुमाराचा आणि त्याच जातीचा.

आणि इतकं करून दवाखान्यांतून ख्रिस्ती झाले ते थोडेच. माणूस बरा झाला की गाठोडं उचलून घरी जाई. आपल्याकडे धर्मांतराच्या लाटा आल्या त्या दुष्काळात आणि जातीच्या जाचातून. म्हणजे ज्यांना धर्मांतराची चिंता आहे त्यांनीही दवाखान्यापेक्षा गावाच्या वेशीकडे बघितलेलं बरं.

आता माजघराकडे.

1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये पुण्याच्या एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे तिचं नाव, जातीने मांग, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. निबंध मांग-महारांच्या दुःखाविषयी. धर्म, पेशवाई, शिक्षण असं सगळं त्यात येतं. शाळेत आपण त्यातल्या धर्मावरच्या ओळी ऐकतो. बाळंतपणावरच्या ओळी फारशा ऐकवल्या जात नाहीत. ही मुलगी लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं. थंडी, पाऊस, वारा यांत त्यांचं काय होत असेल याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा. एखादीला बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा? आणि मग थेट विचारते: लोकांना फुकट औषधं देणारा असा कोण संभावित वैद्य तुमच्यात होऊन गेला?

हा प्रश्न मिशनऱ्यांना विचारलेला नाही, पुण्याला विचारलेला आहे. मिशनऱ्यांचा वाटा एवढाच की तो छापायला जागा मिळाली ती त्यांच्या पत्रात. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र, अहमदनगरला 1842 मध्ये निघालेलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा नकाशा या एका गोष्टीत आहे. दुखणं इथलं, बोलणारी इथली, आणि कागद परक्याचा. कारण इथल्या कागदावर तिला जागा नव्हती.

मुक्ताच्या प्रश्नाला आणखी एक धार आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सुईणपण मांगिणींकडे असे. ज्या हातांनी वरच्या आळीतली मुलं जन्माला घातली, त्या हातांच्या मालकिणीला स्वतःच्या बाळंतपणात छप्पर नाही. आणि वरच्या आळीत तरी काय होतं? बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात अंधारी, अडगळीची खोली. वारा लागू नये म्हणून झरोके बंद. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी. विटाळ असल्यामुळे चांगलं अंथरूण द्यायचं नाही, मागाहून फेकून देता येईल असं जुनंपानं द्यायचं. दहा दिवस कोणी शिवायचं नाही. शिवायची ती सुईणीने, आणि ती तर मुळातच शिवायची नाही अशी.

नाळ कापायला जे हाताशी असेल ते, बहुधा घरातलाच विळा. वर राखेची चिमूट. मग सातव्या-आठव्या दिवशी मूल दूध ओढेनासं होई, जबडा बसे, अंग धनुष्यासारखं ताठ होई. सटवाईने लिहिलेलं पुसता येत नाही, असं म्हणून घर गप्प बसे. तो धनुर्वात होता. विळ्यावरून, राखेतून गेलेला. आईला ताप भरे तो मळक्या हातांमुळे आणि मळक्या चिंध्यांमुळे.

आता हे दृश्य पाहून मिशनच्या डॉक्टर बायकांनी मायदेशी जी पत्रं-अहवाल पाठवले त्यांत खलनायिका एकच असे: घाणेरडी, अडाणी दाई. वर्गणी गोळा करायला ही दाई फार उपयोगी पडली. पण चिंध्या ती तिच्या घरून आणत नव्हती, चिंध्या घर देत होतं. खोली घराने निवडलेली, विळा घरचा, विटाळ शास्त्राचा. कळा अडल्या की वैद्याला किंवा साहेबाच्या डॉक्टरला बोलवायचं की नाही हे ठरवणार सासरा, नाहीतर नवरा. सुईणीच्या हातात होते ते फक्त हात. तरी दोष गेला सगळ्यात खालच्या बाईच्या माथी. आणि मिशनऱ्यांच्या हेतूवर शंका घेणाऱ्या आपल्या सुशिक्षितांनी त्यांचं हे एक मत मात्र बिनतक्रार उचललं. सुईण अडाणी, यावर पाद्री आणि पंडित यांचं एकमत झालं ते आजतागायत मोडलेलं नाही.

1863 साली, म्हणजे सरकारदरबारी बायकांच्या वैद्यकीय मदतीचा विषय निघायच्या कितीतरी आधी, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या, दिवस राहिलेल्या विधवेने इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करताच गेल्या. प्रसूतीच्या प्रश्नाचं इतकं नेमकं निदान त्या काळात ना मिशनने केलं, ना सरकारने. बाई मरते ती औषधावाचून आणि तितकीच लाजेपायी, हे त्यांनी ओळखलं. जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. मिशनऱ्यांशी त्यांची ऊठबस होती, कौतुक होतं, आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. घेण्यासारखं घ्यावं आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे त्या घराला जमलं. पुण्यातल्या इतर घरांना मग का जमलं नाही?

आनंदीबाई जोशी जन्मली पुण्यात, 1865 साली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, दहा दिवसांत गेला. ती डॉक्टर व्हायला निघाली त्याच्या मुळाशी हे मूल आहे. 1878 मध्ये तिच्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, तिच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र वाइल्डर या पाद्र्याला लिहिलं. हा गृहस्थ कोल्हापुरात मिशन चालवून अमेरिकेला परतलेला. त्याने ते पत्र आपल्या मासिकात छापलं, वर ख्रिस्ती होण्याचा सल्लाही दिला. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या नजरेला ते पडलं दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 1883 मध्ये सेरामपूरला केलेल्या भाषणात आनंदीबाईने सांगितलं की हिंदुस्थानात हिंदू बाई-डॉक्टरांची गरज आहे, मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार. 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून पदवी घेतली. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यातच वारली, कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक हातात असताना.

या हकिकतीत मिशनरी जागोजागी आहेत: टपाल पोचवणारे, प्रवासात सोबत करणारे, पदोपदी धर्माचं टुमणं लावणारे. पण सूत्र त्यांच्या हातात नाही. सूत्र आहे दहा दिवसांच्या मुलाच्या आईच्या हातात.

पंडिता रमाबाईंचंही तेच. 1882 मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे पुण्यात साक्ष देताना त्यांनी ठासून सांगितलं की बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात, पुरुषाला दुखणं सांगता येत नाही म्हणून असंख्य बायका अकाली मरतात. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. वर्षभराने इंग्लंडला गेल्या त्याही डॉक्टर व्हायच्या इराद्याने. कानाने कमी ऐकू येतं म्हणून ते जमलं नाही. बाप्तिस्मा झाला तो तिथे गेल्यावर, वाँटिजच्या मठात. पुण्याने लक्षात ठेवला तो बाप्तिस्मा. साक्ष विसरून गेलं.

त्याच सुमारास लखनौच्या मिशनमधल्या एलिझाबेथ बिलबी यांनी पन्नाच्या राणीचा निरोप व्हिक्टोरिया राणीपर्यंत पोचवला: आमच्या बायका आजारपणात हाल सोसतात, काही करा. या सगळ्या दाबातून 1885 मध्ये बायकांच्या वैद्यकीय मदतीसाठी डफरिन फंड उभा राहिला. इथे जरा थांबून हिशेब बघायला हवा, कारण वसाहती सरकारची बाजू मिशनऱ्यांच्या गोंगाटात नेहमी निसटते. फंड उभा राहिला तो देणग्यांवर. संस्थानिकांनी दिलं, शेठ-सावकारांनी दिलं, व्हाइसरॉयच्या बायकोने सभा भरवल्या. जमिनीचा सारा वसूल करणाऱ्या, रेल्वे आणि फौज पोसणाऱ्या सरकारने बाळंतिणींचा प्रश्न लेडीसाहेबांच्या धर्मादायावर सोपवला. फंडाने धर्मप्रचाराला मज्जाव केला होता, हे चांगलंच होतं. पण त्यामुळे चित्र असं झालं की सरकार तिजोरी उघडत नाही, फंड मोठ्या शहरांपलीकडे फार पोचत नाही, आणि मधली सगळी जागा मिशनसाठी मोकळी. मिरजेला मिशनचे डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केलं आणि बघता बघता दक्षिण महाराष्ट्रात कोणी अत्यवस्थ झालं की ‘मिरजेला न्या’ हे ठरून गेलं. इतक्या लांबून लोक आगगाडीने, बैलगाडीने तिथे गेले. त्यांना येशूची ओढ होती म्हणून गेले असं कोणी म्हणत असेल तर त्याने कधी अडलेली बाळंतीण पाहिलेली नाही.

आणखी एक घोटाळा त्या काळापासून चालत आलाय. मिशनरी आणि फंड यांच्या लिखाणात हिंदुस्थानी बाई म्हणजे जनानखान्यातली, पडद्याआडची बाई. उत्तरेत ते खरं असेल. पुण्याची बाई पडद्यात कुठे होती? ती नदीवर धुणं नेत होती, मंडईत भाजी घेत होती, पर्वती चढत होती. तिला दवाखान्यापासून अडवणारी भिंत वेगळी होती: विटाळ, पैसा आणि घरातल्या कर्त्याचा होकार. पडदा म्हटलं की प्रश्न फक्त बाई-डॉक्टर आणून सुटल्यासारखा वाटतो. विटाळ आणि होकार म्हटलं की घर बदलावं लागतं, आणि घर बदलायची कोणाचीच तयारी नव्हती. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून या शहरात काय रणकंदन झालं ते आठवा. कायदा एवढाच होता की बारा वर्षांखालच्या मुलीशी, ती बायको असली तरी, शरीरसंबंध करू नये. आधी ही मर्यादा दहाची होती. कलकत्त्याची फुलमणी दासी अशाच संबंधात मेली होती. आणि पुण्यातल्या सभांमध्ये मुद्दा चालला होता परक्या सरकारने आमच्या धर्मात ढवळाढवळ करावी की नाही! अकरा वर्षांच्या मुलीचं पोट पुढे आल्यावर तिचं काय होतं, हे सांगायला त्या सभांत कोणी सुईण बोलावलेली नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षी याच शहरात पंचहौद मिशनचं चहा-प्रकरण घडलं. रानडे, टिळक आणि बरीच मोठी मंडळी मिशनमध्ये गेली, पुढे चहा आला, काहींनी घेतला, काहींनी नुसता हातात धरला. मग नावं छापली गेली, ग्रामण्य म्हणजे जातबहिष्काराचा वाद झाला, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. हा सगळा घाट घातला होता गोपाळराव जोशी यांनी, आनंदीबाईंच्या नवऱ्याने, तिला जाऊन चार वर्षंही झाली नव्हती तेव्हा. या माणसाचं काय करावं मला कधीच कळलेलं नाही. पण एक दिसतं. मिशनऱ्याच्या हातचा कपभर चहा पुण्याला वर्षानुवर्षं पुरला. मिशनऱ्याच्या हातून होणाऱ्या बाळंतपणाबद्दल, त्याला पर्याय काय द्यायचा याबद्दल, त्याच्या दशांशानेही खल झाला नाही.

आता मिशनच्या चाहत्यांशीही थोडं बोललं पाहिजे, कारण ते फार स्वस्तात सुटतात. पाश्चात्त्य वैद्यक आलं आणि बाळंतिणी वाचल्या, असं सरळ चित्र ते काढतात. इतिहास इतका सरळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातली प्रसूतिगृहं हीच मरणाची घरं होती. व्हिएन्नात 1847 मध्ये सेमेलवाइसने दाखवून दिलं की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर हात न धुता बाळंतिणींना तपासतात म्हणून त्यांना ताप येतो. त्याच रुग्णालयात सुईणींच्या वॉर्डात मरण कमी होतं, डॉक्टरांच्या वॉर्डात जास्त. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. जंतू मारणारं लिस्टरचं कार्बोलिक आलं 1867 मध्ये. म्हणजे मिशनच्या पहिल्या डॉक्टर बाई क्लारा स्वेन 1870 मध्ये बरेलीला उतरल्या तेव्हा त्यांच्या देशालाही हात धुण्याची सवय नुकतीच लागत होती. इंग्लंडमध्ये बाळंतिणींचा मृत्युदर धडाधड खाली आला तो 1935 नंतर, सल्फा औषधं, मग रक्त देण्याची सोय आणि पेनिसिलिन आल्यावर. त्याआधी मिशनच्या डॉक्टरकडे होतं काय? उकळलेली कात्री, उकळलेला दोरा, कार्बोलिक, चिमटा, क्लोरोफॉर्म. एवढ्याने धनुर्वात टळे, आडवं मूल फिरवता येई, अडलेली बाई सुटे. हे थोडं नाही. मी त्याला नमस्कारच करतो. पण यातली उकळलेली कात्री आणि स्वच्छ हात या दोन गोष्टी गावोगावच्या सुईणीला देता आल्या असत्या, आणि त्याला ना रुग्णालय लागलं असतं ना बायबल.

काहींनी तसा प्रयत्न केला हेही नोंदवायला हवं. लुधियानात एडिथ ब्राउन यांनी दायांना शिकवण्यासाठी खपून काम केलं. 1903 मध्ये लेडी कर्झन यांनी दायांच्या शिक्षणासाठी वेगळा फंड काढला. पण दायांना शिकवताना वृत्ती बहुतेक वेळा अशीच की हिला निदान बिघडवू तरी देऊ नये. तिला पगार द्यावा, तिला यंत्रणेतली माणूस मानावं, हे फारसं कोणाच्या मनात आलं नाही. पुढे 1927 मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने ‘मदर इंडिया’ या पुस्तकात याच दायांच्या किळसवाण्या वर्णनांवर आख्खा देश स्वराज्याला नालायक ठरवला. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं. योग्यच म्हटलं. पण गटार होतं, आणि ते कोणाच्या घरातून वाहत होतं हे त्या संतापात पुन्हा एकदा राहून गेलं.

पुण्याने उत्तर दिलंच नाही असं नाही. उशिरा दिलं. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि हिंदू घरांतल्या मुली, विधवा सरकारी ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवल्या. तो काळ असा की परक्याचं अंग पुसणं, मलमूत्र काढणं हे काम म्हणजे बाटणं. नर्स म्हणजे ख्रिस्ती मुलगी, हे समीकरण मिशनने ठरवलेलं नव्हतं. बाकीच्यांनी नाक मुरडल्यामुळे ते ठरलं होतं. सोज्वळ घरातली सोवळी विधवा बाळंतिणीच्या खाटेशी उभी राहिली, हा माझ्या दृष्टीने या शहराच्या इतिहासातला संमतिवयाच्या सगळ्या भाषणांहून मोठा प्रसंग आहे. 1912 मध्ये रास्ता पेठेत केईएम रुग्णालय सुरू झालं ते छोटं प्रसूतिगृह म्हणूनच. तिथे 1944 मध्ये आलेल्या डॉ. बानू कोयाजी यांनी पुढे सत्तरच्या दशकात वढूच्या परिसरात गावच्याच बायकांना हाताशी धरून आरोग्याचं काम उभं केलं. गावातली बाई अडाणी आहे असं गृहीत न धरता सुरुवात केली तर काय होतं, ते तिथे दिसलं. त्याच्या शंभर वर्षं आधी हे झालं असतं तर मिशनच्या हेतूची चर्चा करायला आपल्याला विषयच उरला नसता.

आता आजचं. 2018-20 च्या सरकारी पाहणीनुसार देशात दर लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावत होत्या, महाराष्ट्रात 33. बाळंतपणं रुग्णालयांत होतात, धनुर्वाताची लस आहे, विळा गेला. म्हणून हा सगळा विषय इतिहासाच्या कपाटात ठेवायचा असं काहींना वाटतं. मला वाटत नाही, कारण मिशनऱ्यांवर आपण जो आरोप करतो त्याचं सार एवढंच आहे की त्यांनी अडलेल्या बाईपुढे अट ठेवली. मग अट ठेवणाऱ्या सगळ्यांनाच तो आरोप लागू व्हायला हवा. 2025 च्या मार्चअखेरीस पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीच्या कुटुंबाकडे 10 लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला. कुटुंब तिला दुसरीकडे घेऊन गेलं, जुळ्या मुली झाल्या, आई गेली. शहर पेटलं, मोर्चे निघाले, चौकशी समित्या बसल्या. काही आठवड्यांनी शहर नेहमीसारखं शांत झालं.

धर्मादाय हा शब्द फलकावर लावला की रुग्णालयाला सवलती मिळतात, आणि त्यांच्या बदल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेली योजना पाळावी लागते: दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत. तातडीचा रुग्ण आला तर आधी दाखल करून घ्यायचं. कागद चोख आहे. पण दारावरच्या खिडकीत बसलेल्या मुलाला त्या कागदाची आठवण करून देईल असं बाळंतिणीबरोबर सहसा कोणी नसतं. बरोबर असतो तिचा नवरा, फोनवर मेव्हण्याकडे उसने मागणारा. प्रार्थना ऐकून घ्यायची अट अपमानाची होती हे मला मान्य आहे. पण ती पुरी करायला दागिने मोडावे लागत नव्हते.

दुसरीकडे पोट कापण्याचा सुकाळ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांतली 47 टक्क्यांहून अधिक बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. एकेकाळी अडलेल्या बाईसाठी शस्त्र मिळत नव्हतं, आता न अडलेल्या बाईवरही चालतं. साध्या बाळंतपणात बाईशेजारी तासन्‌तास बसून धीर देणारं माणूस लागतं, ते काम सुईण करत असे. त्या कामाला आपण किंमतच ठेवली नाही, त्यामुळे ते करणारं कोणी उरलं नाही. केंद्राने 2018 मध्ये प्रशिक्षित मिडवाइफ तयार करण्याचं धोरण जाहीर केलं, म्हणजे पाद्री आणि पंडितांनी मिळून हाकललेल्या बाईला आता पदवी देऊन परत बोलवायचं चाललंय. येऊ दे. फक्त या वेळी तिला आशाताईंसारखं मानधनावर लटकवून ठेवू नका, पगार द्या.

आणि पुण्यापुरतं म्हणाल तर दोन गोष्टी लगेच करण्यासारख्या आहेत. कळा सुरू झालेली बाई दारात आली की ती तातडीची रुग्ण, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं आहे हे दुसऱ्या दिवशी बघा. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाने हे एका ओळीच्या आदेशात लिहून प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाच्या अनामतीच्या खिडकीवर चिकटवावं. दुसरी गोष्ट महापालिकेची. कमला नेहरू, सोनवणे आणि पेठांमधली बाकीची प्रसूतिगृहं यांत रात्री भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हजर असतील इतका पैसा अंदाजपत्रकात वेगळा ठेवा, आणि कोणत्या रात्री कोण हजर होतं ते दर महिन्याला वॉर्डात लावा. नगरसेवकांना उड्डाणपुलांसाठी ज्या पोटतिडकीने भांडताना आपण बघतो, त्याच्या निम्म्या आवाजात हे विचारलं तरी पुष्कळ रात्रींची ससूनची धावपळ वाचेल.